समुद्राकाठची व्याहीभेट

“थांब, मी विचारते.”

एवढं म्हणून काकू पदर पुढे ओढायच्या, कमरेला खोचायच्या आणि चालू पडायच्या. समोरचा साहेब आहे की झाडूवाला, त्याला आपली भाषा कळते की नाही, असले प्रश्न त्यांच्या मनात येत नसत. अमेरिकेत हर्नडनमध्ये आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर बस थांबायची. ती दुकानांकडे जाते की उलट्या दिशेला, हे मला कितीतरी दिवस कळलं नव्हतं. पाटीवरचं इंग्रजी मला वाचता येत नाही आणि विचारायचा धीर होत नाही. काकू सरळ पायरीवर चढायच्या आणि ड्रायव्हरला विचारायच्या, “भाऊ, दुकान? शॉप, शॉप?” ड्रायव्हर बाई असली तर ताई म्हणायच्या. समोरचं माणूस हसून मान हलवायचं. मग काकू मागे वळून मला म्हणायच्या, “ये गं सुमन. काहून लाजून राहिली? विचारलं तर फार तर नाही म्हणेल. मारत नाही कोणी.”

तुम्हीही अशी एखादी बाई पाहिली असेल. लग्नघरात, दवाखान्याच्या रांगेत, एस.टी.च्या स्टँडवर. आपण तिच्या मागे मागे जातो, आपलं काम होतं, आणि घरी आल्यावर आपणच म्हणतो की फार पुढे पुढे करते बाई. काकूंनाही लोक नावं ठेवायचे. मराठी मंडळाच्या गणपतीत त्या दारातून आत आल्या की तरुण मुली हळूच एकमेकींना खुणावायच्या. आता कुणाला पगार किती आणि कुणाला मूल कधी, सगळं विचारून होणार. माझा मुलगा तर त्यांना इन्क्वायरी काउंटरच म्हणायचा.

मी चौथीपर्यंत शिकले. लिहायची सवय नाही. पण काकूंबरोबर मी एका गाडीत बसले होते आणि त्या गाडीच्या शेवटच्या गावात काय झालं, ते बघणारी त्यांच्या बाजूची मी एकटीच होते. म्हणून लिहिते आहे.

काकू नागपूरच्या. यजमान पोस्टात होते. ते वारल्यावर मुलगा, प्रसन्न, त्यांना सहा महिने इकडे आणायचा, सहा महिने त्या नागपूरला राहायच्या. माझंही तसंच. माझा मुलगा आणि प्रसन्न एकाच ऑफिसात, आम्ही खालच्या मजल्यावर, ते वरच्या. पोरं कामाला गेली की आम्ही दोघी एकमेकींच्या घरी. त्या बोलायच्या, मी भाजी निवडायची.

प्रसन्नची बायको जपानी. नाव युको. स्टेट कॉलेजला दोघं एकत्र शिकायला होते, तिथेच जमलं. नीटनेटकी, हळू बोलणारी मुलगी. काकूंकडून थोडं मराठी शिकली होती आणि उरलेलं इंग्रजीत बोलायची. आपल्याकडच्या बायका काकूंना खोदून विचारायच्या, तुम्ही हो कसं म्हटलंत म्हणून. काकूंचं उत्तर ठरलेलं असायचं.

“मुलगी चांगली आहे. मी काहून नाही म्हणू? मीच सांगितलं, करून टाका.”

मग बायका दुसरा विषय काढायच्या.

युकोच्या वडिलांनी मात्र हो म्हटलं नव्हतं. एकुलती मुलगी शिकायला पाठवली आणि तिने तिकडेच लग्न केलं, याचा त्यांना राग होता. लग्नानंतर ते कधी जावयाशी बोलले नाहीत. प्रसन्नने फोन उचलला तर ते काही न बोलता फोन ठेवून द्यायचे. युको पहिलटकरीण झाली तेव्हा तिच्या आईने तिला बाळंतपणाला बोलावून घेतलं. त्यांच्यातही पहिलं बाळंतपण माहेरी करतात, हे ऐकून काकू इतक्या खूश झाल्या की दिवसभर तेच सांगत होत्या. वडील तिला ये म्हणाले नाहीत आणि येऊ नकोही म्हणाले नाहीत.

मुलगी झाली. कॉम्प्युटरवर फोटो आला. प्रसन्नला जायचं होतं, पण त्याच्या ग्रीन कार्डाचे कागद मध्येच अडकले होते. तो म्हणायचा, “आई, मी आत्ता बाहेर गेलो तर परत आत येता येईल की नाही, गॅरंटी नाही. लॉयरने क्लिअर सांगितलंय.” काकू त्या फोटोसमोर खुर्ची ओढून बसायच्या. काही बोलायच्या नाहीत. हे मला नवीन होतं.

मग एक दिवस त्या खाली आल्या आणि मला विचारलं, तुझं परतीचं तिकीट कधीचं आहे. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, आपण दोघी जपानवरून जाऊ. जशी काही वाटेत बहिणीच्या घरी चहाला थांबायचं आहे.

त्या संध्याकाळी वरच्या घरात बरंच बोलणं झालं. मी तिथेच होते, पोळ्या लाटत होते.

“आई, ते तुला भेटणारसुद्धा नाहीत,” प्रसन्न म्हणाला. “तू त्यांच्या घरी जाणार आणि ते तुझा इन्सल्ट करणार. कशाला?”

“माझा करतील ना? तुझ्या पोरीचा तर नाही?” काकू म्हणाल्या. “हे बघ. मुलीच्या बापाने तोंड फिरवलं आहे, तर मुलाकडच्या कोणीतरी त्यांच्या दारात जायला पाहिजे. तुला जाता येत नाही, मी जाते. ती पोर मोठी होईल. तिचा आजोबा तिच्या बापाचं नाव घेत नाही, हे तिला कळेल. मग तिने कोणाच्या बाजूने उभं राहायचं?”

माझ्या मुलाने मला बाजूला घेऊन विचारलं, आई, तुला जमेल का, भीती नाही ना वाटणार. मी म्हटलं, काकू आहेत ना.

मुलाची आई म्हणजे आपल्याकडे काय असते, तुम्हाला माहीत आहे. तिच्यासाठी पाट मांडायचा, तिचे पाय धुवायचे, तिची वेगळी साडी. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात विहीणबाईंना चहा थंड मिळाला म्हणून मांडवात सगळे गप्प बसले होते. आणि इथे मुलाची आई स्वतः डिंकाचे लाडू वळून, अंगडी-टोपडी घेऊन, अर्ध्या जगाला वळसा घालून निघाली होती. काकूंच्या दोन जुन्या सुती साड्यांचं दुपटं मी शिवून दिलं. तेवढंच माझ्याकडून.

टोकियोला युकोची एक मैत्रीण आली होती. तिने आम्हाला मोठ्या वेगाच्या गाडीत बसवलं आणि पुढे कुठे उतरायचं ते एका पुठ्ठ्यावर जपानीत लिहून काकूंच्या हातात दिलं. तो पुठ्ठा दाखवला की लोक आम्हाला नेमक्या जागी नेऊन उभं करायचे. तरी काकू प्रत्येकाला तोंडाने विचारायच्याच. ऐकणारा खाली वाकायचा, काकूही वाकायच्या. स्टेशन ओलांडेपर्यंत त्यांची कंबर धरली.

शेवटी आम्ही त्या लहान गाडीत बसलो. गाडी म्हणजे एकच डबा. आत मोजकी माणसं, बहुतेक म्हाताऱ्या, पाठीत वाकलेल्या, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या. समोरच्या बाकावर निळ्या गणवेशातल्या दोन शाळकरी मुली. ड्रायव्हर एकटाच, पांढरे हातमोजे घातलेला. तो प्रत्येक सिग्नलकडे बोट करून स्वतःशीच काहीतरी म्हणायचा. घड्याळाकडे बोट करायचा, पुन्हा काहीतरी म्हणायचा. काकू बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, “चांगलं आहे. आपलं काम आपणच आपल्याला मोठ्याने सांगायचं. विसरायला नको.”

आणि मग समुद्र आला.

मी साताऱ्याकडची. समुद्र मी मुंबईत लांबून पाहिला होता आणि विमानातून. इथे तो रुळाच्या अगदी खाली होता. काळे खडक, त्यांच्यावर वाकडी झाडं, खाली पांढरं पाणी फुटतंय. बोगदा यायचा, सगळा काळोख व्हायचा, आणि बाहेर पडलं की पुन्हा समुद्र, पहिल्यापेक्षा जवळ. दुसऱ्या बाजूला एवढ्या एवढ्या भाताच्या वावरांत कापलेल्या पेंढ्या बांबूवर उलट्या टांगलेल्या. घरांच्या ओट्यावर नारिंगी फळांच्या माळा वाळत होत्या. एका गावात दोरीवर पांढरं काहीतरी ओळीने वाळत घातलं होतं. मला वाटलं बाळाचे लंगोट, पण वास आला तेव्हा कळलं की मासे आहेत. स्टेशनं अशी की एक बाक, एक छप्पर, फुलांच्या कुंड्या, आणि माणूस नाही. तरी कुंड्यांना कुणीतरी सकाळी पाणी घातलेलं.

एका म्हातारीने आम्हाला ती नारिंगी फळं दिली. काकूंनी तिला डिंकाचा लाडू दिला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळापर्यंत नेला, आणि एवढा कडक लाडू बिनदाताच्या तोंडात चघळत बसली. काकू तिला मराठीत सांगत होत्या की कमरेला चांगला असतो. म्हातारी जपानीत हो हो म्हणत होती.

आता जी गोष्ट झाली ती आपलंच माणूस करू शकतं.

गाडी पुलावर आली की आपण नदीला नाणं टाकतो. कुणी शिकवावं लागत नाही. काकूंनी त्याच्या पुढचं ठरवलं होतं. बाळंतीण सुखरूप सुटली की पाण्याची ओटी भरायची असते, आणि इथलं पाणी म्हणजे समुद्र. त्यांनी हर्नडनहून निघतानाच लाल खणाच्या तुकड्यात चिमूटभर तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि रुपया बांधून गाठ मारून ठेवली होती. एक नदी समुद्राला मिळत होती, तिच्यावर पूल होता. काकू उठल्या, खिडकीच्या दोन्ही कड्या दाबून तिची काच वर सरकवली, डोळे मिटून पुटपुटल्या आणि लाल पुरचुंडी बाहेर सोडून दिली. वाऱ्याने माझा पदर डोक्यावरून उडाला. काकूंनी हात जोडले, खिडकी लावली आणि समाधानाने खाली बसल्या.

समोरच्या दोन्ही मुली उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि धावत ड्रायव्हरकडे गेल्या.

पुढच्या स्टेशनात गाडी थांबली ती हलेना. ड्रायव्हर टोपी हातात घेऊन आमच्यासमोर येऊन वाकला. तो खिडकीकडे बोट करून काहीतरी विचारत होता. त्या मुली हातांनी दाखवत होत्या, एवढं, लाल, खाली पडलं. काकूंनी समुद्राकडे हात जोडून दाखवले. ड्रायव्हरला वाटलं, ही बाई विनवते आहे. तो आणखी खाली वाकला. काकू “नाही नाही, भाऊ, गिव्ह, गिव्ह टू वॉटर” म्हणाल्या. त्याने गिव्ह तेवढं ऐकलं आणि गाडीतल्या फोनवर कुणाशी तरी बोलू लागला. मग तो डब्यातल्या सगळ्यांकडे वळला आणि गाडीला उशीर झाल्याबद्दल सगळ्यांची माफी मागितली. त्या म्हाताऱ्यांनी आमच्याकडे वळून दुःखाने माना हलवल्या. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

काकूंचा चेहरा उतरला. गाडी चालू झाल्यावरही त्या बाहेर बघेनात. थोड्या वेळाने म्हणाल्या, “सुमन, माझ्यामुळे त्यांची गाडी थांबली गं.” आणि मग अगदी हळू, “पहिल्याच पावलाला असं झालं.”

शेवटच्या स्टेशनावर युको आणि तिची आई उभ्या होत्या. वडील नव्हते. विहीणबाई कमरेत वाकल्या, काकूंनी नमस्कार केला, त्या पुन्हा वाकल्या, काकूंनी पुन्हा नमस्कार केला. दोघींपैकी आधी थांबायला कुणी तयार नव्हतं. युको एकीकडे हसत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने सांगितलं की रेल्वेचा फोन गावातल्या मासे पकडणाऱ्यांच्या संस्थेत आला. इंडियातून आलेल्या बाईंची काहीतरी किमती वस्तू पुलावरून पडली. साडीतल्या बायका आज कुणाकडे येणार, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांनी तो निरोप युकोच्या वडिलांनाच दिला. ते सकाळपासून घरी नव्हते, मुद्दाम बोटीवर जाऊन बसले होते.

“मग?” काकूंनी विचारलं.

“बाबा शोधायला गेले,” युको म्हणाली. “ओहोटी आहे. खडकांत उतरलेत.”

काकू तिथल्या बाकावर बसल्या. कपाळाला हात लावला. मग हसायलाच लागल्या, पण ते हसू नीट नव्हतं.

घर लहान, लाकडाचं, आत चटया. मधल्या खोलीत पांढऱ्या गादीवर बाळ झोपलं होतं. काळंभोर जावळ, प्रसन्नचं नाक. विहीणबाईंनी तिला उचलून काकूंच्या पुढे धरलं. काकूंचे हात उठले आणि तिथेच थांबले. त्यांनी ते मागे घेतले, मांडीवर ठेवले आणि मानेनेच नाही म्हटलं.

विहीणबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी युकोला काही विचारलं. युको आमच्याकडे बघेना. मग हळूच म्हणाली, “आई विचारते, मुलगी झाली म्हणून का?”

“अगं बाई,” काकू म्हणाल्या. “नाही, नाही. तिला सांग, मी हिच्यासाठीच आले. पण हे घर हिच्या आजोबांचं आहे. ते घरात नसताना त्यांच्या घरातलं मूल मी कसं उचलू? त्यांनी माझ्या हातात दिली तर घेईन. नाही दिली तर बघून जाईन.”

युकोने सांगितलं. विहीणबाईंनी बाळ परत गादीवर ठेवलं आणि काकूंच्या शेजारी येऊन बसल्या. अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लागेल अशा.

दुपार तशीच गेली. मी ज्या काकूंना ओळखत होते त्या कुणाच्याही घरात शिरायच्या, कुणाचंही पोर उचलून घ्यायच्या. बसमधल्या परक्या बाईचं रडणारं मूल त्यांनी न विचारता मांडीवर घेतलेलं मी पाहिलं होतं. त्याच बाई आता स्वतःच्या नातीपासून हातभर अंतरावर हात बांधून बसल्या होत्या. बाळ जागं झालं, रडलं, दूध प्यालं, पुन्हा झोपलं. त्याची मूठ उघडली की काकूंची बोटं मांडीवर हलायची. तेवढंच.

उजेड कमी झाला तेव्हा मागच्या दाराशी आवाज आला. व्याही आले होते. उंच नव्हते, रुंद होते. कमरेपर्यंत भिजलेले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही, सरळ आत गेले. मला वाटलं, संपलं. पण थोड्या वेळाने ते कोरडे कपडे घालून, केस विंचरून बाहेर आले. हातात काळं चकचकीत तबक होतं. ते काकूंच्या समोर गुडघ्यांवर बसले, तबक पुढे सरकवलं आणि डोकं चटईला टेकवलं.

तबकात लाल खण चौकोनी घडी करून ठेवला होता. त्याच्या शेजारी रुपया, हळकुंड, सुपारी, सगळं एका रेषेत. ते काहीतरी पुटपुटले.

“तांदूळ वाहून गेले,” युको म्हणाली. “त्याबद्दल सॉरी म्हणतात.”

काकू तबकाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “युको, त्यांना सांग, हे पडलं नव्हतं. मी टाकलं होतं. तुझी सुटका नीट झाली म्हणून समुद्राची ओटी भरली मी.”

“आई, नको,” युको म्हणाली. “ते किती वेळ पाण्यात होते.”

“म्हणून तर सांग. एवढे भिजले ते, त्यांना खोटं काहून सांगायचं?”

युकोने खाली बघत सांगितलं. व्याही ऐकत होते. तोंडावर काही दिसत नव्हतं. मग त्यांनी पहिल्यांदा काकूंच्या डोळ्यांकडे बघून उत्तर दिलं, आणि ते बोलत असताना विहीणबाई हळूच हसल्या. युकोने सांगितलं ते असं, की नवीन वर्षाला तेही समुद्राला तांदूळ आणि दारू देतात. पुरचुंडीची गाठ सोडल्यावर कापडाला चिकटलेले दाणे पाहून, ही समुद्राला दिलेली वस्तू आहे, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. तांदूळ समुद्राने ठेवून घेतले आहेत. पैसा आणि कापड माणसांच्या कामाचं, म्हणून त्याने ते खडकावर ठेवलं.

काकूंनी मोठा श्वास सोडला. सगळा दिवस तो आत कोंडला होता हे मला तेव्हा कळलं. मग त्यांनी पदर कमरेला खोचला, बसल्या बसल्याच, आणि मी मनात म्हटलं, आता विचारणार.

“त्यांना विचार,” काकू म्हणाल्या, “राग कशाचा आहे? माझा मुलगा परका आहे म्हणून, की दुसरं काही?”

युको विचारायला तयार होईना. काकू तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. शेवटी तिने विचारलं. व्याह्यांनी तबकातला रुपया बोटाने सरळ केला. मग ते थोडंच बोलले.

युकोने मराठीत सांगितलं. “म्हणतात, मला आधी सांगितलं असतं तर मीच हिला सासरी जाताना स्टेशनवर पोचवायला गेलो असतो. लग्न झाल्यावर फोन आला. गावाला सांगायला माझ्याकडे काही नव्हतं.”

काकूंनी मान हलवली. एकदा, दोनदा. मग म्हणाल्या, “सांग त्यांना. मलाही लग्न झाल्यावरच फोन आला.”

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. मीच सांगितलं, करून टाका, असं म्हणणाऱ्या काकू. हर्नडनमधल्या प्रत्येक बाईला, मंडळात, बसमध्ये, माझ्या स्वयंपाकघरात, एकच उत्तर देणाऱ्या काकू. त्यांनी मुलावर कुणाला बोट ठेवू दिलं नव्हतं. आणि जी गोष्ट मलाही कधी सांगितली नव्हती, ती या परक्या माणसासमोर काढून ठेवली, त्याने आणलेल्या तबकाशेजारी.

“रात्रभर देवासमोर बसले होते मी,” त्या पुढे म्हणाल्या. “सकाळी उठून पेढे वाटले. काय करणार? तुम्ही रागावलात, मी पेढे वाटले. दुखलं दोघांनाही सारखंच.”

युको रडत होती. तिने रडत रडतच सांगितलं. व्याह्यांनी ऐकलं आणि कितीतरी वेळ आपल्या दोन तळहातांकडे पाहिलं. खडकांवर घासून ते लाल झाले होते. मग ते उठले, आत जाऊन हात धुऊन आले, गादीशी वाकले आणि बाळाला उचललं. उचलण्याची पद्धत अशी की बघणाऱ्याला कळावं, हे हात या बाळाला पहिल्यांदा उचलत नाहीत. रोज कुणी नसताना उचलत असणार. त्यांनी तिला काकूंच्या ओंजळीत ठेवलं आणि काही बोलले. त्यातला एक शब्द मला कळला, कारण ते नाव होतं. प्रसन्न, असं म्हणाले. जरा वेगळं झालं त्यांच्या तोंडून, पण प्रसन्नच.

“म्हणतात, प्रसन्नसारखी दिसते,” युको म्हणाली.

पुढचे काही दिवस आम्ही तिथे राहिलो. काकूंनी बाळाच्या कानात नाव सांगून बारसं केलं. विहीणबाईंनी माझ्या दुपट्याचे टाके उलटून पालटून बघितले आणि मला टाका घालून दाखवायला लावला. माझ्याशी त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, मीही नाही, आणि मला तिथे फार बरं वाटलं. प्रत्येक भाजीत मासा असायचा, म्हणून काकू भात आणि लोणचं खायच्या आणि छान आहे म्हणायच्या. सकाळी व्याही आणि काकू धक्क्यावर बसायचे. ते बोटीकडे हात करून जपानीत काही सांगायचे, काकू मराठीत उत्तर द्यायच्या, आणि मग दोघंही पटल्यासारख्या माना हलवायचे.

मागच्या वर्षी काकू नागपूरला वारल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. मी आता पुन्हा हर्नडनला आले आहे. प्रसन्नने दुसरीकडे घर घेतलं, वरच्या मजल्यावर कुणी दुसरे राहतात. मंडळातल्या बायका अजून त्यांची आठवण काढतात. किती चौकशा करायच्या म्हणतात आणि हसतात. जपानबद्दल काकूंनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणायच्या, समुद्र सुंदर आहे, गाडी वेळेवर असते. मीही बोलत नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही. पण त्या हसतात तेव्हा माझी मान आपोआप ताठ होते.

निघालो तो दिवस मला सगळ्यात स्पष्ट आठवतो. व्याह्यांनी आमच्या दोन्ही बॅगा स्वतः उचलून स्टेशनवर आणल्या, मला हात लावू दिला नाही. बाळाला थंडी वाजेल म्हणून युको आणि विहीणबाई घरीच थांबल्या होत्या. गाडी आली. आम्ही चढलो. गाडी सुटली तेव्हा ते फलाटावर कमरेत वाकले आणि तसेच राहिले. काकू मागच्या काचेशी जाऊन उभ्या राहिल्या, हात जोडून. फलाट लहान झाला, माणूस लहान झाला, तरी वाकलेलं डोकं वर झालं नाही. वळण आलं आणि बोगदा लागला.

बोगद्यातून बाहेर पडलो तेव्हा काचेत नुसता समुद्र होता. काकू हात जोडून तशाच उभ्या होत्या. गाडी हलत होती, त्या एका पायावरून दुसऱ्या पायावर तोल सांभाळत होत्या. मी म्हटलं, काकू, आता बसा.

“थांब,” त्या म्हणाल्या. “ते अजून उभे असतील.”